एकाच वेळी दोन पदव्या : सोय कोणाची?
(एस. वाय. बी. ए., अर्थशास्त्र)

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या विद्यापीठांनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही म्हण कित्येक वर्षे नियमासारखी पाळली. ज्याने एका ठिकाणी पदवीसाठी नाव घातले, त्याने दुसऱ्या पदवीचा विचार पहिली पदवी हाती पडल्यावरच करावा, अशी रीत होती. १३ एप्रिल २०२२ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना काढून ही रीत बदलली. आता विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन अभ्यासक्रम पूर्ण करता येतात. दोन्ही एकाच विद्यापीठाचे असोत वा दोन वेगळ्या संस्थांचे.

या निर्णयावर त्या वेळी वर्तमानपत्रांतून बरेच लिहून आले. मी तेव्हा शाळेत होते, त्यामुळे ते वाचल्याचे आठवत नाही. आता ग्रंथालयातील जुन्या अंकांतून जे वाचले, त्यात एक गोष्ट जाणवली. बाजूने लिहिणारे आणि विरुद्ध लिहिणारे, दोघांच्याही डोळ्यांपुढे शहरातला विद्यार्थी होता. बाजूचे म्हणत की हुशार मुलाला आता गणिताबरोबर संगीतही शिकता येईल. विरुद्ध बाजूचे म्हणत की मुले पदव्यांचे ढीग जमवतील आणि ज्ञान मात्र कोणतेच पदरी पडणार नाही. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला या निर्णयाचा काय उपयोग, हा प्रश्न मला कोठे वाचायला मिळाला नाही. तो मला स्वतःपुरता सोडवावा लागला, म्हणून हा लेख.

प्रथम नियम नेमका काय आहे ते पाहू. आयोगाने तीन वाटा मोकळ्या केल्या आहेत. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण करता येतील. मात्र एकाच्या तासांच्या वेळा दुसऱ्याच्या वेळांवर येता कामा नयेत. किंवा एक अभ्यासक्रम वर्गात बसून आणि दुसरा दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन करता येईल. किंवा दोन्ही दूरशिक्षणाने वा ऑनलाइन करता येतील. दूरशिक्षणाची संस्था त्या अभ्यासक्रमासाठी मान्यताप्राप्त असली पाहिजे. पीएच.डी.ला ही सवलत नाही. ज्या अभ्यासक्रमांवर स्वतंत्र व्यावसायिक परिषदांचे नियंत्रण आहे, त्यांना त्या परिषदांचे नियम लागू राहतात. आणि एक महत्त्वाची गोष्ट, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : आयोगाने विद्यापीठांना हुकूम केलेला नाही, मुभा दिली आहे. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अधिकार मंडळांत ठराव करून आपली पद्धत बसवायची आहे. म्हणजे परवानगी दिल्लीहून निघाली, तरी ती विद्यार्थ्याच्या हाती पडेपर्यंत मध्ये बरीच ठाणी आहेत.

हा निर्णय एका दिवसात झाला नाही. २०१२ साली आयोगाने फुर्कान कमर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. नियमित पदवी करणाऱ्यास दूरशिक्षणाने आणखी एक पदवी करू द्यावी, असे त्या समितीने सुचविले. व्यावसायिक परिषदांना ते रुचले नाही आणि २०१६ साली आयोगाने जुनीच पद्धत चालू राहील असे कळविले. २०१९ मध्ये आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष भूषण पटवर्धन यांच्या समितीने विषय पुन्हा हाती घेतला. पुढे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि दोन वर्षांनी दार उघडले. पहिल्या सूचनांत अशी अट होती की ज्यांनी आधीच दोन पदव्या एकाच काळात घेतल्या आहेत त्यांना लाभ मिळणार नाही. जून २०२५ मध्ये आयोगाने ही अट बदलली. तेव्हाच्या नियमांना धरून घेतलेल्या जुन्या पदव्याही आता ग्राह्य धरल्या जातात.

परंतु आपल्या समाजात मुले पूर्वी एकाच ठिकाणी शिकत होती काय? मुळीच नाही. शाळेत शिकता शिकता गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनाच्या परीक्षा देणारी मुले घरोघरी होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, हिंदीच्या परीक्षा, टंकलेखनाच्या सरकारी परीक्षा, हे सारे शाळा-कॉलेज सांभाळूनच होत आले आहे. पुण्याची मुले कॉलेज करून संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत आली आहेत. आमच्या तालुक्याच्या गावी तर पोलीस भरतीच्या अकादम्या आहेत. पहाटे पाचला मैदानावर धावायचे, आठला कॉलेजात यायचे आणि दुपारी पुन्हा अकादमीत गणित-बुद्धिमत्तेचा तास करायचा, हा आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा दिनक्रम आहे. ही दुसरी संस्था नव्हे तर काय? मनाई शिकण्याला कधीच नव्हती. मनाई होती ती दुसऱ्या पदवीच्या कागदाला. आणि गरिबाच्या मुलाला नेमका कागदच लागतो. ज्याच्या घरी चार शिकलेली माणसे आहेत त्याला पदवीवाचूनही कोणीतरी ओळखते. आमची ओळख कागदानेच सुरू होते.

या विषयाचा विचार करताना माझ्यापुढे एक थोर उदाहरण होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. तेथे त्यांनी त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी, असे दोन्हीकडे नाव घातले. आपण हे चरित्रात वाचतो आणि त्यांच्या बुद्धीचे कौतुक करून पुढे जातो. बुद्धी तर होतीच. पण मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्यांच्याजवळ वेळ मोजका होता. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मुदतीची होती, आणि ती मुदत संपताच १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. आधी अर्थशास्त्र संपवू, मग सावकाश कायद्याकडे वळू, असे म्हणण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पै-पैसा साठवून आणि काही साहाय्य घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या म्हणजे कळते की हे अभ्यास एकामागून एक झालेले नाहीत, एकमेकांत विणलेले आहेत.

हे त्यांना जमले कसे? त्यांच्या परिश्रमांबद्दल मी नव्याने काय सांगणार? परंतु दोन संस्थांच्या रचनेकडेही पाहिले पाहिजे. त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी इनमध्ये सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरणे म्हणजे ठरलेल्या संख्येने तेथील भोजनांना उपस्थित राहणे. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या जेवणांची मौज सांगितली आहे. परीक्षेचा अभ्यास ज्याने त्याने आपापल्या सवडीने करायचा. म्हणजे एका संस्थेत रोज जावे लागे आणि दुसरी संस्था रोजची हजेरी मागत नसे. दोन संस्था एका माणसाच्या आयुष्यात बसायच्या, तर त्यांतली एक अशी सैल असावी लागते. मला या साऱ्या प्रश्नाची किल्ली येथे सापडली असे वाटते.

आता आपल्याकडचा हिशेब मांडून पाहू. २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाचा अभ्यासक्रम आला. एका सत्राला सुमारे २२ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असतात. एका श्रेयांकाला १५ तासांचे अध्यापन धरले, तर एका सत्राचे ३३० तास झाले. सत्र १५ आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला २२ तास वर्गात बसायचे. दोन्ही पदव्या वर्गात बसून करायच्या म्हटल्या, तर ४४ तास. सहा दिवसांत वाटले तर रोजचे सात तास आणि वर काही मिनिटे. पुण्यात किंवा मुंबईत सकाळी एक कॉलेज आणि दुपारी शेजारच्या पेठेतले दुसरे असे जमू शकेल. तेथे विद्यार्थ्याचा प्रवास चालत दहा मिनिटांचा.

माझे गाव माण तालुक्यात, कॉलेजपासून १८ किलोमीटरवर आहे. सकाळची एस.टी. पावणेसातला. ती चुकली तर दुसरी साडेनऊला, म्हणजे तीन तास बुडाले. परतीची गाडी दीडची. ती घरी पोचवते अडीचला, पाऊस नसेल आणि गाडी बंद पडली नसेल तर. सवलतीचा पास एकाच मार्गाचा आहे. तालुक्याच्या गावी दुसरे पदवी महाविद्यालय असते आणि त्याचे तास दुपारी असते, तरी संध्याकाळी मला घरी आणणारी गाडी नाही. म्हणजे आयोगाने उघडलेल्या तीन वाटांपैकी पहिली वाट माझ्यासाठी छापील कागदावरच आहे. तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, एवढे नियम सांगतो. एस.टी.च्या वेळा त्याला ठाऊक नाहीत.

आयोगाने ही वाट ठेवली त्यात चूक नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी जावे. फक्त या वाटेबद्दल एक गोष्ट बोलली जात नाही, ती नोंदवून ठेवते. वर्गात बसून दोन पदव्या करणारा विद्यार्थी दोन जागा अडवतो. जेथे जागा भरपूर आहेत तेथे बिघडत नाही. जेथे एका जागेसाठी रांग आहे तेथे कोणी तरी बाहेर राहतो, आणि बाहेर राहणारा बहुधा कोण असतो ते सांगायला नको. दूरशिक्षणात ही अडचण येत नाही.

म्हणून माझ्यासारखीला उरते ती दुसरी वाट : एक पदवी वर्गात, दुसरी दूरशिक्षणाने. ही वाट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तिच्यामागे हाच विचार होता की शिकणाऱ्याचा दिवस आधीच विकला गेलेला असतो, तेव्हा शाळेने आपली वेळ बदलावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्याने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले. या सर्वांनी विद्यार्थ्याला वेळापत्रकात कोंबण्याऐवजी वेळापत्रक विद्यार्थ्याच्या आयुष्यात बसवले. २०२२ चा निर्णय वाचताना मला हा वारसा आठवतो. निर्णयाच्या बातम्यांत मात्र त्याचा मागमूस नव्हता.

आता मी हे सारे कशासाठी करते आहे, ते सांगितले पाहिजे. माझे वडील गावोगावचे दूध गोळा करून संकलन केंद्रावर पोचवणारा टेम्पो चालवतात. गावच्या दूध संस्थेचे हिशेब लिहिले जातात ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. फॅट किती, लिटर किती, दर काय, खाद्याचे पैसे किती कापले, हे सभासदाला शेवटपर्यंत नीट कळत नाही. वर्षाला लेखापरीक्षक येतो, चहा घेतो, सह्या करतो आणि जातो. मला ते काम करायचे आहे, चहा सोडून. आपल्या राज्यात सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा आहे. ती उत्तीर्ण होऊन पुढे अनुभव घेतला की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम मिळू शकते. परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मग वाणिज्याची पदवी कशाला, बी.ए. करून सरळ ती परीक्षा दे, असे मला एका सरांनी सांगितले. त्यांचे म्हणणे कागदावर बरोबर आहे. पण जमाखर्च मला शिकवणार कोण? आमचे महाविद्यालय केवळ कला शाखेचे. नव्या धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची सोय आहे. परंतु जेथे दुसरी शाखाच नाही, तेथे ती सोय किती पुरी पडणार? अर्थशास्त्र मी आवडीने घेतले आहे आणि ते सोडायचे नाही. म्हणून बी.ए. येथे आणि बी.कॉम. दूरशिक्षणाने, असा बेत मी बारावीनंतरच केला होता.

आणि एकामागून एक का नाही? बी.ए. झाल्यावर बी.कॉम. करावे, घाई कसली, असे मला अनेकांनी विचारले. ज्यांनी विचारले त्या सर्वांच्या घरी 'नंतर' या शब्दाला अर्थ आहे. माझ्या घरी शिक्षणाला जी परवानगी मिळाली, ती तीन वर्षांची आहे. ती कोणी लिहून दिलेली नाही, पण घरात सर्वांना ती तोंडपाठ आहे. आजीने ती मंजूर केली, चुलत्यांनी मान हलवली आणि आण्णांनी टेम्पोच्या हप्त्यात बसवली. तीनाची सहा वर्षे होणार नाहीत. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींचे हेच आहे; मुलांना वर्ष-दोन वर्षे अधिक मिळतात, पण त्यांनाही कमवायची घाई आहेच. एकाच वेळी दोन पदव्या म्हणजे हाव आहे, असे लिहिणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की ज्याला शिकायला दहा वर्षे मिळतात त्याने सावकाश शिकावे. ज्याला तीनच मिळतात, त्याला त्या तीनांतच सारे उरकावे लागते.

आण्णा प्रथम म्हणाले, "दोन दोन कालिजं? एक तर धड कर की." मी त्यांना तासांचा हिशेब मांडून दाखवला. दूरशिक्षणाचे वर्ग काही रविवारीच असतात, बाकी पुस्तके घरी वाचायची, हे समजल्यावर ते म्हणाले, "मग काय, दुधाच्या दोन खेपा होत्यात तसंच की." त्यांनी फीचे पैसे दिले. येथे शिष्यवृत्तीचाही एक मुद्दा आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत एक शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी घेता येत नाही. नियम समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे दुसऱ्या पदवीचा खर्च सगळा घरचा, आणि ज्यांना ती सर्वांत अधिक हवी आहे त्यांनाच तो खर्च जड.

२०२४ च्या जुलैत, येथे प्रवेश घेतल्यानंतर आठ दिवसांनी, मी दूरशिक्षणाच्या एका केंद्रावर अर्ज घेऊन गेले. तेथील कारकुनांनी कागद पाहिले आणि मूळ दाखला मागितला. शाळा सोडल्याचा मूळ दाखला तर मी बी.ए.च्या प्रवेशाला जमा केलेला होता. झेरॉक्स दाखवली, ती चालेना. मी परत आले आणि कार्यालयात मूळ दाखला मागितला. तेथे सांगण्यात आले की दाखला काढला म्हणजे प्रवेश रद्द झाला. दोघांचेही बरोबर होते. दोघेही आपापल्या जुन्या नियमाने वागत होते, कारण दाखल्याची सारी पद्धतच विद्यार्थी एका वेळी एकाच ठिकाणी असतो या समजुतीवर उभी आहे. दाखला एकच असतो, आणि तो जेथे असेल तेथेच विद्यार्थी आहे असे मानले जाते. मी चार फेऱ्या मारल्या. त्यात अर्जाची मुदत संपली.

नियम बदलला तेव्हा कोणी या मूळ दाखल्याचा विचार केला नव्हता काय? केला होता, असे मला पुढे कळले. सप्टेंबर २०२२ मध्येच आयोगाने विद्यापीठांना लिहिले होते की प्रवेशाच्या वेळी स्थलांतर प्रमाणपत्राचा आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा आग्रह धरल्याने दोन अभ्यासक्रम करणाऱ्यांची अडचण होते आहे, तरी त्यांच्यासाठी सोयीची पद्धत बसवावी. हे पत्र निघाले तेव्हा मी अकरावीत होते. मला त्याची गरज पडली तेव्हा ते निघून जवळजवळ दोन वर्षे झाली होती, आणि तरी ज्या दोन खिडक्यांपुढे मी उभी राहिले त्यांपैकी एकीवरही ते पोचले नव्हते. दिल्लीहून आमच्या तालुक्याला पत्र यायला पूर्वी चार दिवस लागत, असे आजी सांगते.

२०२५ साली मी तयारीने गेले. आमच्या ग्रंथपालांनी आयोगाच्या सूचनांची आणि त्या पत्राची प्रत काढून दिली. कार्यालयातून बोनाफाइड घेतले, दाखल्याच्या प्रतीवर 'मूळ प्रत या महाविद्यालयाच्या दप्तरी आहे' असा शेरा आणि शिक्का घेतला. या वेळी केंद्र दुसरे होते. तेथील बाईंनी कागद शांतपणे वाचले आणि अर्ज घेतला. पाच मिनिटांचे काम होते. ज्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना असे प्रवेश घ्यायचे असतील, त्यांनी असा शेरा मारलेली प्रत मागताक्षणी द्यावी आणि आयोगाचे ते पत्र नोटीस बोर्डावर लावून ठेवावे, एवढी सूचना मी या निमित्ताने करते. याला पैसा लागत नाही. आमच्या कार्यालयाने या वर्षी आणखी तिघांना अशी प्रत दिली, हे येथे सांगितले पाहिजे.

दोन्ही अभ्यास एकदम चालवल्याचा अनुभव कसा आहे, असे मैत्रिणी विचारतात. खरे सांगायचे तर पहिल्या सत्रात दोन्हीकडे मार्क कमी पडले. दूरशिक्षणाची पुस्तके स्वतः वाचून समजावीत अशी लिहिलेली असतात. पण शिकवणारे समोर नसले की आपण कोठे अडलो आहोत हेच आधी कळत नाही. घसाऱ्याची गणिते मला तीन रविवार समजली नाहीत. उलट एक फायदा असा झाला की अर्थशास्त्राच्या तासाला सर 'स्थिर खर्च' म्हणाले की आता माझ्यापुढे आण्णांचा टेम्पो उभा राहतो : हप्ता स्थिर, डिझेल बदलते. हे दोन विषय एकमेकांशी बोलू लागले ते एकाच वेळी शिकत असल्यामुळे. तीन वर्षांनी दुसरा शिकले असते तर पहिला विसरले असते. परंतु कोणत्याही दोन पदव्या एकत्र घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. एकाच विषयाच्या दोन पदव्या, किंवा मैत्रिणीने घेतली म्हणून घेतलेली दुसरी पदवी, यांनी वेळही जाईल आणि पैसाही. माझ्याच वर्गातल्या एका मुलाने दुसरा प्रवेश घेतला आणि दिवाळीपर्यंत सोडून दिला. पहाटेचे धावणे, कॉलेज, अकादमी आणि वर हे, असे चौथे ओझे तो उचलू शकला नाही. त्याचे चुकले असे मला वाटत नाही.

परीक्षांचे काय, हाही प्रश्न उरतोच. सूचना वर्गाच्या वेळांबद्दल बोलतात. दोन पेपर एकाच सकाळी आले तर काय करायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे. यंदा हिवाळी परीक्षेत माझे दोन पेपर एका दिवसाच्या अंतराने आले आणि मी वाचले. उन्हाळी परीक्षेचे वेळापत्रक हा लेख देईपर्यंत एकाच ठिकाणचे लागले आहे.

बी.ए. २०२७ मध्ये पूर्ण होईल. बी.कॉम. एक वर्ष उशिरा सुरू झाल्याने ते २०२८ मध्ये पूर्ण व्हायचे. म्हणजे घरच्या तीन वर्षांच्या परवानगीत एक वर्ष कमी पडते आहे. चार फेऱ्यांत आणि एका मूळ दाखल्यात गेले ते हे वर्ष. गेल्या महिन्यात हा हिशेब मी आण्णांना सांगितला. ते टेम्पोचे चाक खोलत बसले होते. त्यांनी ऐकून घेतले, आणि "बघू, आईशी बोलतो," म्हणाले. आई म्हणजे माझी आजी. ते तिच्याशी बोललेले नाहीत अजून. मीही विचारलेले नाही. पुढच्या रविवारी संपर्क वर्ग आहे, त्याची सातची गाडी धरायची आहे.